सागाच्या ओंडक्यामागे जाताना: आग्नेय आशियाच्या सांस्कृतिक आणि पर्यावरणीय इतिहासात संशोधन करायचं असेल तर

रत्नागिरीतला थिबा पॅलेस आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून उतरवलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० मध्ये त्याच्यासाठी हा वाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. एवढं सगळ्यांना सांगितलं जातं. त्याचं राज्य ज्या युद्धात गेलं, त्याचं निमित्त काय होतं, हे मात्र मला एम.ए.ला असताना कळलं. निमित्त होतं साग. १८६३ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ब्रह्मदेशातल्या निंग्यानच्या जंगलातून बाहेर काढलेले ओंडके कमी दाखवले, असा ठपका थिबाच्या मंडाले इथल्या दरबाराने ठेवला आणि कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. फ्रेंचांच्या हालचालींनी आधीच अस्वस्थ असलेल्या इंग्रजांना हवं ते कारण मिळालं.

ते वाचल्यावर मला राजापेक्षा ओंडक्यांबद्दल प्रश्न पडायला लागले. ते मोजत कोण होतं? इतकं जड लाकूड जंगलातून बंदरापर्यंत येत होतं कसं? ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून झाड उभं असतानाच बुंध्याभोवती साल आणि तिच्या आतलं कोवळं लाकूड कापून कडं पाडायचे, दोन-तीन वर्षं ते जागच्या जागी वाळू द्यायचे, मग तोडायचे, हत्तींकडून ओढ्याच्या कोरड्या पात्रात आणून टाकायचे आणि पावसाळ्यात ओढा फुगण्याची वाट पाहायचे. एका ओंडक्याच्या हिशेबात मोसमी पाऊस आला, हत्ती आणि माहूत आले, डोंगरउतारावर शेती करणारे कारेन लोक आले, राजाचे वसुलदार आले आणि मुंबईची पेढीही आली. सांस्कृतिक इतिहास आणि पर्यावरणाचा इतिहास हे दोन विषय नाहीत, हे मला त्या ओंडक्याने शिकवलं.

पुढे मी जावाच्या सागवनांवर काम केलं. गेली काही वर्षं मराठी मुलं-मुली या क्षेत्राबद्दल विचारायला येतात. त्यांना जे तासन्‌तास बसून सांगते, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: प्रश्न छोटा, जागा पक्की

"आग्नेय आशियावरील भारतीय संस्कृतीचा प्रभाव" हा विषय घेऊन येणाऱ्यांना मी आधी थांबवते. ही वाट फार जुनी आहे. १९२६ मध्ये कलकत्त्यात ग्रेटर इंडिया सोसायटी स्थापन झाली आणि कंबोडियातलं अंगकोर, जावातलं बोरोबुदुर म्हणजे आपल्याच प्राचीन वसाहतींच्या खुणा, असं सांगण्याची पद्धत रुजली. गुलामीच्या काळात त्या पिढीला तो अभिमान का हवासा वाटला, हे समजू शकतं. पण त्या चष्म्यातून पाहिलं की जावाचा शेतकरी, कंबोडियातले ख्मेर पाटबंधारे, मलय खलाशी हे सगळे आपल्या गोष्टीतले मुके लोक होऊन जातात. डच अभ्यासक व्हान ल्यूर याने १९३० च्या दशकातच या समजुतीला धक्का दिला. आपल्या देशबांधवांनाही त्याने सोडलं नाही: तुम्ही इंडोनेशियाचा इतिहास जहाजाच्या डेकवरून, किल्ल्याच्या तटावरून आणि वखारीच्या सज्जातून पाहता, असं त्याचं म्हणणं होतं. आपणही देवळाच्या शिखरावरून पाहू नये.

आणि प्रवाह एकाच दिशेने वाहत होता असंही नाही. डीट्रिश ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १८५६ मध्ये पेगूच्या सागवनांचा अधिकारी म्हणून ब्रह्मदेशात आला. कारेन शेतकरी जंगल जाळून डोंगरावर शेत करायचे, त्याला बर्मी भाषेत 'टाउंग्या' म्हणतात. ब्रँडिसच्या काळात त्याच शेतांत पिकासोबत साग लावून घेण्याची पद्धत बसवली गेली. १८६४ मध्ये तोच माणूस हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला महानिरीक्षक झाला. आपल्याकडच्या जंगलांवर पुढे जे नियम आले, त्यांची उमेदवारी ब्रह्मदेशात झाली होती. उत्तर प्रदेशात 'टोंगिया' म्हणवली जाणारी गावं आजही आहेत. कोकणात आपण ज्याला कुमरी म्हणतो, तिचीच ही बर्मी बहीण. शब्दाच्या मागे गेलात की असा प्रबंधाचा विषय हाती लागतो.

चांगला प्रश्न कसा दिसतो? बालीतला भात घ्या. तिथे 'सुबाक' नावाच्या शेतकऱ्यांच्या पाणीसंस्था आहेत आणि त्यांचं पाणीवाटप मंदिरांच्या साखळीला बांधलेलं आहे. बातूर सरोवराची देवी दानू ही त्या पाण्याची मालकीण. १९७० च्या दशकात हरित क्रांतीच्या योजनेने शेतकऱ्यांना जमेल तितक्या वेळा भात लावायला सांगितलं. एकाच वेळी शेतं पडीक ठेवण्याचं मंदिरांचं वेळापत्रक मोडलं, पाण्याची ओढाताण झाली आणि किडीला वर्षभर खाणं मिळालं. पूजेचं पंचांग हेच कीडनियंत्रणाचं साधन होतं, हे मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांच्या कामातून पुढे आलं. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबाकच्या भूप्रदेशाला जागतिक वारसा मानलं. या एका उदाहरणात धर्म, पाणी, सरकार आणि कीड एकाच वाक्यात बसतात. तुमचा प्रश्नही असा बसला पाहिजे.

दुसरं उदाहरण तांबोरा ज्वालामुखीचं. एप्रिल १८१५ मध्ये सुंबावा बेटावर त्याचा प्रचंड उद्रेक झाला आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा आलाच नाही. युरोपातल्या थंडीवर रग्गड लिहिलं गेलं आहे. सुंबावावर जे मेले, भुकेने जे बेट सोडून गेले, त्यांच्याबद्दल जावातल्या इंग्रज अधिकाऱ्यांचे अहवाल आहेत आणि शेजारच्या बिमा राज्यात रचलेलं मलय काव्यही आहे. अहवाल राखेची जाडी सांगतो. काव्य सांगतं की लोकांना हे कशाचं फळ वाटलं. दोन्ही एकाशेजारी एक ठेवून वाचणं हे तुमचं काम.

आपल्या मातीशी खरा धागा हवा असेल तर १८७६ ते १८७८ चा दख्खनचा दुष्काळ आहेच. त्या वेळच्या एल निनोने जावातही पाऊस ओढून धरला होता. तोच कोरडा वारा, पण दोन वेगळी सरकारं, दोन वेगळी पिकं, कर वसुलीच्या दोन तऱ्हा. तुलना करायची असेल तर अशी करा, जिथे दोन्ही बाजूंना स्वतःचा आवाज असतो.

आता व्यवहाराचं. तुमचा प्रश्न एका कागदावर लिहा. त्यात एक जिल्हा किंवा नदीखोरं, साधारण चाळीस-पन्नास वर्षांचा काळ, आणि एक हाताला लागणारी वस्तू हवी: झाड, मासा, धरण, मीठ, वाघ, काहीही. मग खाली लिहा की याचे कागद कुठे असतील आणि कोणत्या भाषेत असतील. हा दुसरा भाग लिहिता आला नाही तर प्रश्न अजून पिकलेला नाही.

दुसरी पायरी: भाषा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. इंग्रजी पुस्तकांच्या जोरावर पीएच.डी. करता येते, अशी पीएच.डी. झालेली माणसं मी पाहिली आहेत. पण जंगलातल्या माणसाशी दुभाष्यामार्फत बोलणारा संशोधक त्या माणसाची चेष्टा, संकोच, राग यातलं काहीच पकडू शकत नाही.

साधारणपणे दोन भाषा लागतात: एक तिथली आणि एक राज्यकर्त्यांची. जावा-सुमात्रासाठी इंडोनेशियन आणि वाचण्यापुरती डच. व्हिएतनामसाठी व्हिएतनामी आणि फ्रेंच, आणखी मागे जायचं तर चिनी लिपीतले ग्रंथ. फिलिपिन्ससाठी तागालोग आणि स्पॅनिश. ब्रह्मदेशासाठी बर्मी, आणि सरकारी कागद इंग्रजीत, म्हणून तो आपल्याला त्यातल्या त्यात जवळचा. मलाक्कासाठी मलय आणि पोर्तुगीज. गोव्यातल्या ज्या मुलांच्या घरी पोर्तुगीज कानावर पडलेली आहे, त्यांनी हा शेवटचा पर्याय फार गंभीरपणे घ्यावा.

इंडोनेशियन शिकायला सोपी, असं सगळे सांगतात. सुरुवात सोपी आहे हे खरं: रोमन लिपी, लिंगभेद नाही, काळानुसार क्रियापद बदलत नाही. अडचण उपसर्ग-प्रत्ययांत आहे. 'तानाम' म्हणजे लावणे, पेरणे. त्याचं क्रियापद 'मनानाम' होतं, पीक म्हणजे 'तानामान', लागवड म्हणजे 'पनानामान'. शब्दकोश मूळ धातूने लावलेला असतो, आणि जोडणीत 'त' गळून पडतो. म्हणजे मूळ ओळखता आलं नाही तर शब्द सापडत नाही. संस्कृत धातू घोकलेल्या मराठी मुलांना हे इतरांपेक्षा लवकर जमतं, हा माझा अनुभव.

पण त्याच मुलांना ओळखीचे शब्द फार फसवतात. 'देसा' म्हणजे तिथे गाव, आणि 'नगारा' म्हणजे देश. आपल्या अगदी उलट! (आपल्या मराठीत तरी देश म्हणजे नेमकं काय? घाटावरचा माणूस 'देशावरचा' असतो, हे लक्षात घेतलं की जावाच्या 'देसा'चं नवल कमी होतं.) 'सेंगसारा' हा आपला संसार, पण त्याचा अर्थ हालअपेष्टा. आणि पर्यावरणाच्या इतिहासात रोज भेटणारा शब्द 'बेन्चाना', म्हणजे आपत्ती, तो मूळचा 'वंचना'. पूर आला, डोंगर फुटला, की तिथली वृत्तपत्रं वंचना म्हणतात. 'मुसीम' म्हणजे ऋतू, तो अरबीतून तिकडे गेला आणि आपल्याकडे मोसम होऊन आला. अशा शब्दांची वही ठेवा. माझी अजून चालू आहे.

शिकायचं कसं? घरून सुरुवात करा. केबीबीआय हा इंडोनेशियाचा अधिकृत शब्दकोश इंटरनेटवर मोफत आहे, आणि परदेशी लोकांना भाषा शिकवण्याच्या तिथल्या कार्यक्रमाला 'बिपा' म्हणतात, त्या नावाने शोधलं की धडे मिळतात. सहा महिन्यांनी इंडोनेशिया सरकारच्या 'दार्मासिस्वा' शिष्यवृत्तीला अर्ज करा. ती पदवीसाठी नसते, भाषा आणि कला शिकण्यासाठी असते, आणि तिथल्या विद्यापीठात राहून शिकता येतं. मुंबईत इंडोनेशियाचा वाणिज्य दूतावास आहे, तिथे चौकशी करा. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅडिसनला उन्हाळ्यात आठ आठवड्यांचा सखोल वर्ग भरतो, त्यात बर्मी, ख्मेर, लाओ, थाई, व्हिएतनामी अशा भाषा शिकवतात. खर्च मोठा आहे, तेव्हा मदत मिळाली तरच जा.

डचला घाबरू नका. बोलायची नाही, वाचायची आहे. जर्मन येत असेल तर निम्मं काम झालं. रोज एक पान जुना वनअहवाल, हातात शब्दकोश, वर्षभर. मग एके दिवशी पान उलटताना लक्षात येतं की शब्दकोश उघडलाच नव्हता.

शिकायचं कुठे आणि पैसे कुठून

पदवी इतिहासातच हवी असं नाही. वनस्पतिशास्त्र, भूगोल, स्थापत्य या विषयांतून आलेली मुलं या क्षेत्रात फार चांगलं काम करतात. पण एम.ए. मात्र इतिहास, मानववंशशास्त्र किंवा पर्यावरण अभ्यासात करा. भारतात दिल्लीच्या जेएनयूमध्ये या प्रदेशाचा अभ्यास चालतो, तिथला भर राजकारणावर असतो. राजगीरच्या नालंदा विद्यापीठात इतिहास आणि पर्यावरण अशा दोन्ही शाखा आहेत. ज्या शिक्षकाला भारतातल्या जंगलांचा किंवा नद्यांचा इतिहास चांगला येतो, त्याच्याकडे शिकलात तरी चालेल. पद्धत तीच असते.

बाहेर जायचं तर सिंगापूरचं राष्ट्रीय विद्यापीठ, हॉलंडमधलं लायडन, लंडनमधलं सोआस, अमेरिकेतलं कॉर्नेल, जपानमधलं क्योतो आणि ऑस्ट्रेलियातलं कॅनबेरा ही नावं पुन्हा पुन्हा येतील. कॉर्नेलचा आग्नेय आशिया कार्यक्रम १९५० पासून चालू आहे. सिंगापूरला एक फायदा आहे: तिथून तासा-दोन तासांच्या विमानाने तुम्ही क्षेत्रात असता. लायडनमध्ये जुन्या डच वसाहतींचा ग्रंथसंग्रह इतका मोठा आहे की तिथे बसून अर्धा प्रबंध लिहिता येतो. हाच धोकाही आहे, कारण बसून लिहिण्याचा मोह होतो.

पैशाचं नीट समजून घ्या. हॉलंडमध्ये पीएच.डी. ही बहुतेक वेळा पगारी नोकरी असते, जाहिरात निघते, अर्ज करायचा. अमेरिकेत पाच ते सात वर्षं लागतात, आधी दोन-तीन वर्षं वर्ग आणि परीक्षा. परदेशी भाषांसाठीची 'फ्लास' ही अमेरिकन शिष्यवृत्ती फक्त तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळते. तिच्यावर गणित बांधू नका. भारतात नेट परीक्षेत जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये मिळतात. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेशी शिक्षण शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास यांवरचे विषय वगळले गेले होते. तुमचा विषय जावाच्या जंगलाचा असला, तरी अर्ज करताना त्या वर्षीची नियमावली ओळ न ओळ वाचा. स्वतःच्या खिशातून किंवा कर्ज काढून या विषयात परदेशी पीएच.डी. करू नका. हे मी सगळ्यांना निक्षून सांगते.

मार्गदर्शकाला पहिलं पत्र

एक पान पुरे. स्वतःचं कौतुक दोन ओळींत संपवा. मग प्रश्न, जागा, काळ, कागद, भाषा. ज्यांना लिहिता आहात त्यांचा निदान एक लेख पूर्ण वाचा आणि तो तुमच्या प्रश्नाला कुठे भिडतो ते लिहा. "मला आग्नेय आशियाच्या पर्यावरणात रस आहे" या वाक्याला उत्तर येत नाही. याऐवजी असं लिहिता येईल: "१८९० ते १९१५ या काळात जावातल्या ब्लोरा भागात सामीन या शेतकरी पुढाऱ्याच्या पंथातल्या लोकांनी डच वनखात्याचे नियम नाकारले. सामीनला १९०७ मध्ये हद्दपार केलं तरी तो पंथ टिकला. वनखात्याच्या नोंदींत हे लोक चोर म्हणून येतात. मला त्याच नोंदींतून, आणि आज तिथे सांगितल्या जाणाऱ्या आठवणींतून, त्यांची सागाबद्दलची कल्पना शोधायची आहे. मला इंडोनेशियन वाचता-बोलता येते, डच वाचायला शिकते आहे, जावानीज अजून येत नाही." शेवटचं वाक्य लपवू नका. काय येत नाही हे सांगणाऱ्या विद्यार्थ्यावर शिक्षक विश्वास ठेवतात.

उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा. पुन्हा नाही आलं तर पुढे जा.

जुने कागद

सुरुवात मुंबईतूनच करा. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्याच्या पुराभिलेखागारात मुंबई इलाख्याचे कागद आहेत. कॉलेजचं किंवा विद्यापीठाचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा. तिथे आग्नेय आशिया थेट सापडणार नाही, पण वनखात्याचा कागद कसा वाचायचा हे सवयीने कळेल: कोणी कोणाला लिहिलं, समासात काय शेरा पडला, कोणतं सहपत्र गायब आहे.

पणजीतल्या पुराभिलेखात आपल्या लोकांचं लक्ष कमी जातं, आणि मला त्याची फार खंत वाटते. मलाक्का १५११ मध्ये पोर्तुगीजांनी घेतलं आणि १६४१ मध्ये डचांना गमावलं. त्या मधल्या काळात त्याचा कारभार गोव्याच्या सत्तेखाली होता. लिस्बन आणि गोवा यांच्यातल्या पत्रव्यवहाराच्या बांधलेल्या वह्यांना 'मोसमांची पुस्तकं' असंच म्हणतात, कारण पत्रं मोसमी वाऱ्यांबरोबर यायची आणि जायची. दप्तराचं नावच हवामानावरून पडलेलं! गार्सिया द ऑर्ता याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात कापूर, लवंग, जायफळ हे पूर्वेकडचे माल आहेत. ते कोणत्या बेटावरून, कोणाच्या हातून आले, हा प्रश्न अजूनही विचारण्यासारखा आहे.

दिल्लीतल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ब्रह्मदेशाचे कागद भरपूर आहेत, कारण १९३७ पर्यंत तो ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता. त्यातले बरेच 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. डच काळासाठी द हेगचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि जाकार्ताचं राष्ट्रीय अभिलेखागार. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तराला युनेस्कोने २००३ मध्ये जागतिक स्मृतींच्या यादीत घेतलं. जुनी वृत्तपत्रं 'डेल्फर' या डच आणि 'न्यूजपेपर एसजी' या सिंगापूरच्या संग्रहात मोफत शोधता येतात. विमानाचं तिकीट काढण्याआधी हे सगळं चाळून व्हायला हवं.

इथे माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमचे तीन आठवडे वाचतील. जावातल्या चेपू या सागाच्या गावाबद्दल मी एका संग्रहात शोधत होते आणि काहीच हाती लागत नव्हतं. विषय बदलावा इथपर्यंत मी आले होते. आज ते नाव 'सी-ई-पी-यू' असं लिहितात. जुन्या डच कागदांत तेच 'टी-जे-ई-पी-ओ-ई' असं आहे. 'उ'साठी 'ओ-ई' लिहिणं १९४७ मध्ये सुटलं, आणि 'च'साठी 'टी-जे', 'ज'साठी 'डी-जे' लिहिणं १९७२ च्या सुधारणेत गेलं. मग मी जुन्या अक्षरांनी शोधलं आणि त्या संध्याकाळी वाचनालय बंद होईपर्यंत उठले नाही. प्रत्येक गावाचं, नदीचं, झाडाचं नाव सगळ्या स्पेलिंगांत लिहून यादी करा. सागाला इंडोनेशियनमध्ये 'जाती' म्हणतात, तो डच अहवालात 'डी-जे'ने सुरू होतो.

कागद वाचताना एक सवय लावा. 'चोरी', 'पडीक', 'रानटी', 'उजाड' असे शब्द आले की थांबा. कोणाच्या दृष्टीने चोरी? काल सरपणाला जाणारी बाई आज चोर कधी ठरली, त्याची तारीख शोधा. सामीनपंथी लोक जमीन मोजणारे आले की आपल्या जमिनीवर आडवे पडून ती आपली असल्याचं सांगत, असं नोंदलेलं आहे. नोंदणाऱ्याला तो वेडेपणा वाटला. त्या नोंदीत मला कायद्याबद्दलचा पूर्ण युक्तिवाद दिसतो.

कागद संपतात तिथे झाडं बोलतात. व्हिएतनामच्या डोंगरातल्या जुन्या सुरूवर्गीय झाडांच्या वर्षवलयांवरून २०१० मध्ये दिसून आलं की चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पंधराव्याच्या सुरुवातीला तिथे दीर्घ अवर्षणं पडली, आणि मधल्या काळात पाऊस अनावर झाला. अंगकोरचा पश्चिम बाराय हा तलाव जवळजवळ आठ किलोमीटर लांब; अशा तलावांवर आणि कालव्यांवर उभं असलेलं ते शहर याच काळात डगमगलं. पण लगेच "दुष्काळाने अंगकोर बुडालं" असं लिहू नका. युद्ध होतं, व्यापार समुद्राकडे सरकत होता, राजधानी हलत होती. हवामानतज्ज्ञांचे लेख वाचायला शिका, आलेख समजून घ्या, आणि तरीही माणसांच्या निर्णयांना जागा ठेवा.

परवाना, पाऊस, माणसं

पर्यटक व्हिसावर संशोधन करू नका. इंडोनेशियात परदेशी संशोधकाला 'ब्रिन' या राष्ट्रीय संशोधन संस्थेचा परवाना लागतो, तिथल्या संस्थेचा भागीदार लागतो, आणि २०१९ च्या कायद्यात नियम मोडणाऱ्यांसाठी शिक्षा आहे. थायलंडमध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेकडे अर्ज करावा लागतो. यात कित्येक महिने जातात, ते वेळापत्रकात धरा. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तुमच्याशी बोलणाऱ्या माणसाचाच जीव धोक्यात येऊ शकतो. तिथे सध्या कागदांवरच काम करा.

भागीदार शोधणं ही औपचारिकता समजू नका. तिथल्या विद्यापीठातल्या शिक्षकाला तुमच्याइतकाच, बहुधा जास्त, विषय कळतो. लेख एकत्र लिहा, त्यांचं नाव मनापासून घाला.

गावात गेल्यावर पहिले पंधरा दिवस रेकॉर्डर बाहेर काढू नका. गावच्या कचेरीत, म्हणजे 'कांतोर देसा'त, आधी जाऊन सांगा. वडीलधाऱ्या पुरुषाला 'बापाक', बाईला 'इबू' म्हणा. जावात मोठ्यांशी बोलताना भाषेचा स्तरच बदलतो, तेवढी नम्र जावानीज येत नसेल तर सरळ इंडोनेशियन बोला, ते चालतं. पावसाळ्यात एकदा आणि कोरड्या दिवसांत एकदा, असं दोनदा राहा. त्या कोरड्या दिवसांत साग पानं टाकून उभा असतो आणि तेच जंगल परकं वाटतं. रोज रात्री टिपणं लिहा, दोन ठिकाणी साठवा, आणि ज्यांनी जंगलातून लाकूड आणल्याचं सांगितलं त्यांची नावं वहीतही लिहू नका.

नोकरी

खरं सांगायचं तर जागा कमी आहेत. भारतात "आग्नेय आशियाचा इतिहास" अशी जाहिरात क्वचितच दिसते. तुमची नेमणूक इतिहासाचे शिक्षक म्हणून होईल आणि तुम्हाला मराठ्यांचा, आधुनिक भारताचा, जगाचा इतिहास शिकवावा लागेल. म्हणून नेट किंवा महाराष्ट्र-गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं ती सेट परीक्षा इतिहास विषयात वेळेवर देऊन टाका, पीएच.डी. संपेपर्यंत थांबू नका. परदेशात पीएच.डी.नंतर दोन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या फेलोशिप मिळतात. सिंगापूरच्या एशिया रिसर्च इन्स्टिट्यूटवर आणि लायडनच्या आशिया अभ्यास संस्थेवर लक्ष ठेवा. त्या काळात घर, लग्न, आईवडिलांची दुखणी सगळं समोर येतं. घरच्यांना हे आधीच मोकळेपणाने सांगितलेलं बरं.

पहिला लेख प्रबंधाच्या चौथ्या वर्षापर्यंत छापून यावा असा प्रयत्न करा. सिंगापूरहून निघणारं आग्नेय आशिया अभ्यासाचं नियतकालिक, कॉर्नेलचं 'इंडोनेशिया', क्योतोचं मोफत वाचता येणारं नियतकालिक, आणि पर्यावरणाच्या इतिहासाची इंग्लंड-अमेरिकेतली नियतकालिकं ही योग्य ठिकाणं. पैसे भरून आठवड्यात लेख छापणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका, तो डाग पुढे निघत नाही.

विद्यापीठाबाहेरही कामं आहेत: वस्तुसंग्रहालयं, जुन्या नकाशांचं संगणकीकरण, जंगलहक्कांच्या दाव्यांसाठी ऐतिहासिक पुरावे गोळा करणाऱ्या संस्था, भाषांतर. जंगलहक्कांचं काम तर मला स्वतःला प्राध्यापकीइतकंच मोलाचं वाटतं.

प्रबंध झाला की दोन छोट्या पुस्तिका लिहा. एक मराठीत, कारण आपल्या वाचकाला तांबोरा, चेपू, बातूर ही नावं आपल्या भाषेत वाचायला मिळत नाहीत. दुसरी ज्या गावात राहिलात तिथल्या भाषेत, साध्या शब्दांत, जुन्या नकाशांच्या आणि छायाचित्रांच्या प्रतींसह. ती स्वतः नेऊन द्या आणि कांतोर देसाच्या कपाटात ठेवायला सांगा. तुमच्यानंतर येणारा विद्यार्थी पहिल्या दिवशी तिथेच विचारायला जाणार आहे.